फटफटीला डोंगरावर धाप का लागते?

आपल्याकडे फटफटी आता नवलाची राहिलेली नाही. दुधाचे कॅन घेऊन ती डेअरीवर जाते. बाजाराला जाते. रात्री-अपरात्री आजाऱ्याला मागे बसवून तालुक्याच्या दवाखान्यातही नेते. वाडीवस्तीवर एखादा तरी पोरगा असा असतो, की त्याच्या हातात पाना द्यावा आणि समोर फटफटी उभी करावी. मग जेवायची हाक दिली तरी त्याला ऐकू येत नाही.

हीच पोरे हल्ली लांबलांब जातात. दर साल जून ते सप्टेंबर या दिवसांत महाराष्ट्रातून कितीतरी फटफट्या लडाखच्या वाटेला लागतात. लडाख म्हणजे हिमालयाच्या पलीकडचा मुलूख. आपल्याकडचे जवान तिथे पहाऱ्यावर असतात, त्यामुळे हे नाव कानाला ओळखीचे आहे.

जुनी गाडी घेऊन लडाखला जाऊन आलेला माणूस एक गोष्ट हमखास सांगतो. खाली घोड्यासारखी पळणारी गाडी वर गेल्यावर गाढवासारखी अडून बसते. मूठ पिळावी तर ती घुसमटते, पुढे जात नाही. मागून काळा धूर येतो. उभी केली की बंद पडते. मग किक मारता मारता माणसालाच धाप लागते. कोणी म्हणतो, गाडीच टाकाऊ. कोणी म्हणतो, पेट्रोलात भेसळ आहे. बहुतेक वेळा गाडी चांगली असते आणि पेट्रोलही चांगले असते. कमी पडते ती हवा.

हवा कमी झाली की पेट्रोलही कमी करावे लागते. ते कसे करायचे, हे आपण या धड्यात पाहू. आणि खाली उतरल्यावर तेच पेट्रोल परत का वाढवायचे, तेही पाहू. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. इंजिनाचा घात होतो तो तिथेच.

हवेलाही वजन असते

हवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिला वजन नाही असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि मीटरभर उंच अशी एक पेटी घ्या. समुद्रकाठी त्या पेटीत जेवढी हवा मावते, तिचे वजन जवळजवळ सव्वा किलो भरते.

आता कडब्याची गंज डोळ्यांपुढे आणा. तळाच्या पेंढ्या कशा असतात? वरच्या भाराने दबून घट्ट झालेल्या. आणि माथ्यावरच्या? मोकळ्या, सैल. हवेचेही तसेच आहे. समुद्रकाठच्या हवेवर वरच्या साऱ्या हवेचा भार असतो, म्हणून ती दाट असते. जसजसे वर जावे, तसतसा डोक्यावरचा भार कमी होतो आणि हवा विरळ होते.

आपल्या महाराष्ट्रात सगळ्यांत उंच शिखर कळसूबाईचे. त्याची उंची १,६४६ मीटर. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे. तिथे गाडी किंचित जड वाटते, एवढेच. तेवढ्यासाठी गाडीला हात लावायचे कारण नाही. पण लडाखमधले लेह हे गाव सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथे माणसे राहतात, जवसाची शेती... नव्हे, जव नावाच्या धान्याची शेती करतात, बाजार भरवतात. लेहच्या वर खारदुंगची खिंड आहे. तिची उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट. तिथल्या पाटीवर बरीच वर्षे १८,३८० फूट असे लिहिलेले होते. लोक त्या पाटीपाशी उभे राहून फोटो काढून घेत. पाटीवर काहीही लिहिले तरी हवा काही जास्तीची मिळत नाही.

आपली ती पेटी लेहला नेली तर तिच्यात ८५० ग्रॅमच्या आसपास हवा मावेल. खारदुंगच्या खिंडीत फक्त ७०० ग्रॅमच्या आसपास. पेटी तीच. आतला माल कमी. पोत्यात कापूस दाबून भरला तर वजन जास्त भरते, सैल भरला तर कमी भरते, तसे हे आहे.

माणसाला हे लगेच कळते. छाती भरभर हलते, डोके दुखते. म्हणून लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यायची असते. उलट्या होऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर हट्ट न करता खाली उतरावे आणि डॉक्टरला गाठावे. हे दुखणे जिवावर बेतू शकते.

फटफटीचे इंजिनही श्वास घेते. पण माणसासारखा मोठा श्वास घेणे त्याला जमत नाही. साडेतीनशे सीसीची बुलेट एका वेळी सुमारे साडेतीनशे घन सेंटिमीटर हवा आत ओढते. लहान तांब्यात मावेल तेवढी. तांब्या खालीही तेवढाच आणि वरही तेवढाच. वर त्यात विरळ हवा येते, इतकेच.

कार्बोरेटरचे काम

नुसते पेट्रोल पेटत नाही. त्याला हवा लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. हवा आणि पेट्रोल या मापात मिसळून इंजिनाला देणे, हे कार्बोरेटरचे काम.

तो हे कसे करतो? डास-ढेकूण मारायचा हातपंप तुम्ही पाहिला असेल. दांडा ढकलला की नळीच्या तोंडावरून हवा जोराने जाते. त्या हवेबरोबर डब्यातले औषध आपोआप वर खेचले जाते आणि त्याचे तुषार उडतात. कार्बोरेटरमध्येही असेच घडते. इंजिन हवा ओढते. ती हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते. गळ्याखाली एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल असते. ते एका पितळी बुचाच्या बारीक छिद्रातून वर खेचले जाते. या बुचाला जेट म्हणतात. पेट्रोल किती यायचे, ते या छिद्रावर ठरते.

आता अडचण पाहा. उंचावर हवा विरळ झाली, तरी गळ्यातला वारा वेगानेच वाहतो. त्यामुळे पेट्रोल वर येतच राहते. ते थोडे घटते, पण हवा जेवढी घटते तेवढे घटत नाही. लेहच्या उंचीवर हिशोब असा पडतो, की जिथे पाच थेंब पुरे, तिथे सहा थेंब पडतात. खारदुंगला तर त्याहून जास्त. पेट्रोल जास्त आणि हवा कमी अशा मिश्रणाला मिस्त्री लोक रिच म्हणतात. हवा जास्त आणि पेट्रोल कमी असले, की ते लीन म्हणतात. हे दोन शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

नव्या गाड्यांना हा त्रास नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज सहा हा धुराविषयीचा कडक नियम लागू झाला. तेव्हापासून नव्या फटफट्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. त्या जागी इंजेक्शन आले. त्यात हवेचा दाब मोजणारे यंत्र असते आणि पेट्रोल आपोआप कमी-जास्त होते. पण जुन्या बुलेट, जुन्या स्प्लेंडर अजून लाखांनी रस्त्यावर आहेत. हा धडा त्यांच्यासाठी.

वात मोठी केली की काच काळी

कंदिलाची वात फार वर काढली तर काय होते? उजेड वाढतो का? नाही. ज्योत लालसर होते, काजळी धरते आणि काच काळी होते. तेल भरपूर, पण तेवढी हवा आत जात नाही. रिच गाडीचे हेच होते. आत काजळी साचते, प्लगच्या टोकावर बसते. ठिणगी नीट पडत नाही. गाडी अडखळते.

यात आणखी दोन तोटे आहेत. एक, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ झाले की घर्षण वाढते. दुसरा तोटा खिशाचा आणि वाटेचा. मनालीहून लेहला जाताना तांडी नावाचे गाव लागते. तिथल्या पेट्रोल पंपावर बरीच वर्षे पाटी होती, की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे. खाली चाळीस किलोमीटर देणारी गाडी वर तीसवर आली, तर टाकीतल्या पेट्रोलचा सारा हिशोब चुकतो. त्या वाटेवर बारालाचाची खिंड ४,८९० मीटरवर आहे आणि तांगलांगची ५,३२८ मीटरवर. संध्याकाळ झाली की हाडे गोठवणारी थंडी पडते. तिथे टाकी कोरडी पडली तर आपल्याकडच्यासारखे बाटली घेऊन पंपापर्यंत चालत जाता येत नाही.

आधी फिल्टर उघडा

गाडी अडली की पोरे आधी कार्बोरेटरच खोलतात. आम्हाला विचाराल तर ही घाई आहे. गॅरेजमध्ये काय बोलणे होते ते ऐका.

“काका, गाडीला पिकप नाही. कार्बोरेटर खोलू का?”

“थांब जरा. फिल्टर कधी साफ केलास?”

“फिल्टर? गाडी घेतल्यापासून नाही बघितला.”

“मग आधी तो काढ. नाक चोंदलंय आणि तू पोटाला औषध देतोस.”

काकांचे म्हणणे खरे आहे. हवेच्या फिल्टरमध्ये धूळ भरली, की आत हवा कमी जाते. वर हवा आधीच कमी. त्यात नाक चोंदलेले. म्हणून निघण्यापूर्वी फिल्टर साफ करावा, जुना असेल तर नवा घालावा. कागदाचा फिल्टर पाण्याने धुऊ नये. हलके झटकावा, किंवा आतून बाहेर अशी हवा मारावी.

काही जण दुसरे टोक गाठतात. “हवा कमी पडते ना? मग फिल्टरच काढून टाका!” असे म्हणतात. हा सल्ला ऐकू नका. लडाख हे थंड वाळवंट आहे. रस्त्यावरची बारीक रेती फिल्टरशिवाय सरळ इंजिनात जाते. पिठाच्या जात्यात खडे घातल्यासारखे होते. चार दिवस गाडी बरी पळते, पुढे पिस्टन आणि रिंगा झिजून ऑइल जळायला लागते.

प्लग काय सांगतो

वैद्य जीभ पाहतो, तसा मिस्त्री प्लग पाहतो. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवावी. मग थांबवून इंजिन निवू द्यावे आणि प्लग काढावा. टोक कोरड्या काजळीने काळे झाले असेल, तर गाडी रिच आहे. फिक्या तपकिरी रंगाचे असेल, तर बरोबर आहे. पांढरेफटक असेल, तर ती लीन आहे, आणि हा धोक्याचा रंग आहे. काळेपणा ओलसर आणि तेलकट असेल, तर ती गोष्ट निराळी. तेव्हा ऑइल वर येत असते. जेट बदलून ते बरे होत नाही.

वर जाताना एक जादा प्लग खिशात ठेवावा. थंड इंजिनात पेट्रोल फार गेले आणि प्लग भिजला, तर किकवर किक मारत बसू नये. पेट्रोलचा कॉक बंद करावा, चोक बंद करावा, मूठ पूर्ण पिळून पाच-सात किका माराव्यात. आतले जास्तीचे पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. मग कोरडा प्लग लावून गाडी सुरू करावी. थंडीत सकाळी चोक ओढावाच लागतो. पण चोक म्हणजे आणखी पेट्रोल. गाडी सुरू झाली, जरा गरम झाली, की तो लगेच बंद करावा.

पेट्रोल कमी करायच्या तीन जागा

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आवरायच्या तीन जागा आहेत. मूठ थोडी उघडी असताना एक जागा काम करते, अर्धी उघडी असताना दुसरी, आणि पूर्ण पिळली की तिसरी. गाडी कोणत्या वेळी अडखळते ते आधी पाहावे. मग त्या जागेला हात घालावा. सगळे एकदम फिरवले, तर काय केल्याने काय झाले ते कळत नाही.

पहिली जागा स्क्रूची. सगळ्यांत सोपी. जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरला बाजूला दोन स्क्रू असतात. एक स्लो ठेवायचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन किती फिरावे ते ठरवणारा. दुसरा हवेचा. वर गेल्यावर गाडी उभी राहिली की बंद पडते ना? तेव्हा स्लोचा स्क्रू अर्धा फेरा आवळून पाहावा. पुष्कळ वेळा तेवढ्यानेच काम भागते.

हवेचा स्क्रू फिरवायचा तर इंजिन चांगले गरम असावे. स्क्रू पाव फेरा बाहेर काढा. थांबा. ऐका. आवाज वाढला आणि साफ झाला, तर आणखी पाव फेरा. पुन्हा ऐका. आवाज वाढायचा थांबला की तिथेच ठेवा. मग स्लो जरा कमी करा. बाहेर काढला की हवा वाढते, आत आवळला की कमी होते. पण सगळ्या गाड्यांना हा नियम लागू नाही. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवेचा. इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो पेट्रोलचा, आणि तिथे सारे उलटे. तो आत आवळला की पेट्रोल कमी होते. हे न पाहता फिरवणारे पुष्कळ आहेत. आणि स्क्रू आत टेकला की त्यावर जोर करू नये. टोक चेपते आणि कार्बोरेटर कायमचा बिघडतो.

दुसरी जागा सुईची. मूठ पिळली की कार्बोरेटरमधली एक पट्टी वर सरकते. तिला स्लाइड म्हणतात. तिच्याबरोबर एक लांब निमुळती सुई वर उचलली जाते. सुई जितकी वर, तितके पेट्रोल जास्त. सुईच्या माथ्याशी बारीक खाचा असतात, बहुतेक पाच. त्यांतल्या एकीत छोटी क्लिप बसवलेली असते. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी होते. एका वेळी एकच खाच सरकवावी. मनाली सोडून वर जाणाऱ्या गाडीला पुष्कळदा एवढे पुरते. क्लिप नखाएवढी असते आणि उडाली की सापडत नाही. म्हणून अंगाखाली पांढरे फडके पसरून काम करावे. काही नव्या धर्तीच्या कार्बोरेटरांत सुईला खाचाच नसतात. तिथे हा उपाय चालत नाही.

तिसरी जागा मोठ्या जेटची. मूठ पूर्ण पिळून चढ चढताना गाडी गुदमरत असेल, तर दोष इथे आहे. जेटवर नंबर कोरलेला असतो. नंबर मोठा, छिद्र मोठे. समजा तुमच्या गाडीत ११० नंबरचा जेट आहे. लेहला काही दिवस राहून तिथूनच फिरायचे असेल, तर १०५ किंवा १०० चा घालून पाहावा. आधी १०५. प्लग पाहावा. तरी काळा येत असेल, तरच १००. हे नंबर उदाहरणाचे आहेत. तुमच्या गाडीचा नंबर तुमच्या जेटवरच वाचा.

जेट घरीच विकत घेऊन ठेवावेत. वाटेत मिळतीलच असे नाही. बदलताना इंजिन थंड असावे, कॉक बंद असावा, आणि जवळपास कोणी विडी ओढत नसावे. कार्बोरेटरखालची वाटी उघडायची, तिच्यातले पेट्रोल डब्यात ओतून घ्यायचे, आणि जेट बरोबर मापाच्या पान्याने काढायचा. पितळ मऊ असते. पाना घसरला तर कडा गोल होतात. स्टोव्हच्या छिद्रात आपण पिन मारतो, तशी जेटमध्ये तार घालू नये. छिद्र वाढते आणि नंबर खोटा ठरतो. जेट चोंदला असेल तर पेट्रोलमध्ये बुडवून फुंकर मारावी.

जाताना एखादीच खिंड ओलांडायची असेल, तर जेट बदलायचा खटाटोप करू नये असे आमचे मत आहे. तास-दीड तास गाडी कुरकुरेल. सावकाश न्यावी. खिंडीपलीकडे उतरली की ती आपोआप सुधारते. दर खिंडीला कार्बोरेटर उघडणारा माणूस लडाख पाहत नाही, नुसता कार्बोरेटर पाहतो. मनालीला आणि लेहला हे काम रोज करणारे मिस्त्री आहेत. स्वतःच्या हाताचा भरवसा नसेल, तर त्यांच्याकडे जावे.

काहीही फिरवण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावे. तारीख घालावी. जेटचा नंबर. सुईची क्लिप वरून कितव्या खाचेत. हवेचा स्क्रू किती फेरे बाहेर. हे मोजायचे कसे? स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यायचा आणि फेरे मोजायचे. दीड भरले तर दीड लिहायचे, आणि पुन्हा दीड फेरे बाहेर काढायचा. चार ओळींचे काम आहे. हातावर ग्रीस असताना पाठ केलेले आकडे उतरताना आठवत नाहीत.

गेलेली ताकद परत येत नाही

इथे एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. जेट बदलला, सुई खाली केली, तरी गाडी घरच्यासारखी पळणार नाही. पेट्रोल बरोबर केल्याने घुसमट जाते, धूर जातो, पेट्रोल वाचते. पण हवा कुठून आणणार? दर हजार मीटरला ताकद सुमारे दहावा हिस्सा घटते. लेहला गाडीच्या अंगात दोन तृतीयांशच्या आसपास जोर उरतो. खारदुंगला अर्ध्याहून थोडासा जास्त.

म्हणून चढावर खालचा गिअर वेळेवर टाकावा. इंजिन गुरगुरू लागेपर्यंत वाट पाहू नये. बैलाला चढावर जादा ओझे घालत नाही, तसे इथेही करावे. मागे माणूस, त्यावर दोन पिशव्या, त्यावर पेट्रोलचा कॅन असे लादून निघाले, तर अवघड वळणावर गाडी थांबते आणि मागे सरकू लागते. खाली दरी असते. तिथे मागच्याने उतरून चार पावले चालावे. त्यालाही धाप लागेल, पण हळूहळू चालता येते.

महागाचे पेट्रोल घातले की जोर येईल असे काही जण म्हणतात. तो समज चुकीचा आहे. विरळ हवेत इंजिनातला दाब उलट कमी असतो. साधे पेट्रोल पुरते.

उतरताना

आता सर्वांत महत्त्वाचे.

लेहला लहान जेट घालून गाडी छान चालली. आठ दिवस फिरणे झाले. परत निघालात. श्रीनगरच्या वाटेने उतरलात, तर झोजिलाची खिंड ३,५२८ मीटरवर आणि श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर. पुढे जम्मू, पंजाब, हरियाणा. सपाट सडक आणि कडक ऊन. हवा दाट झाली, पण जेट अजून लेहचाच. म्हणजे हवा पुष्कळ आणि पेट्रोल कमी. गाडी लीन झाली.

गंमत अशी, की लीन गाडी लगेच तक्रार करत नाही. रिच गाडी धूर काढते, अडते, बंद पडते. तिचा त्रास होतो, म्हणून आपण लक्ष देतो. लीन गाडी पहिल्यांदा हलकी वाटते. माणूस खूश होऊन मूठ पिळतो. आत मात्र इंजिन तापत जाते. गळ्यातून फटाक्यासारखा आवाज येतो, वेगात असताना गाडी मागे ओढल्यासारखी वाटते, इंजिनातून टकटक ऐकू येते, प्लग पांढरा निघतो. तरीही तसेच दामटले, तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. कधी पिस्टनला भोकच पडते. गाडी साठ-सत्तरच्या वेगात असताना पिस्टन अडकला, की मागचे चाक जागच्या जागी थांबते. स्वार फेकला जातो. मागून ट्रक येत असतो.

असे होतेय असे वाटले, तर त्या क्षणी क्लच दाबावा. चाक मोकळे होते. मग कडेला घ्यावे. अडकलेले इंजिन निवल्यावर किक खाली गेली, म्हणून प्रवास पुढे चालू ठेवू नये. ते उघडून पाहिलेच पाहिजे.

म्हणून मूळचा जेट खाली येताच परत घालावा. श्रीनगरच्या वाटेने आलात, तर झोजिला उतरल्यावर सोनमर्गला. मनालीच्या वाटेने आलात, तर मनालीला. सन २०२० च्या ऑक्टोबरात रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून ही वाट भरभर उतरते. केलाँगला चहा घेतलेला माणूस थोड्या वेळात मनालीत असतो, आणि जेटचे त्याच्या ध्यानातही राहत नाही. दुपारी तिथे अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. वही काढावी. जेटचा नंबर, सुईची खाच, स्क्रूचे फेरे, जसे लिहिले तसे सगळे लावावे. सुई एकच खाच खाली केली होती, तरी तीसुद्धा परत वर घ्यावी. मन साशंक असेल, तर पेट्रोल जरा जास्त ठेवावे, कमी ठेवू नये. जास्तीने प्लग काळा होतो, तो पुसता येतो.

मनालीपासून वीस-तीस किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून प्लग पाहावा. फिका तपकिरी दिसला, की पुढे निघावे. काढलेला लहान जेट कागदाच्या पुडीत बांधावा, पुडीवर नंबर आणि ‘लेह’ असे लिहावे, आणि पुडी हत्यारांच्या पेटीत ठेवून द्यावी. पुढच्या साली गावातला दुसरा कोणी निघाला, तर त्याला ती देता येईल.